सहा दिवस, पाच सामने, समोरच्यांचे गुण शून्य: १८९९ सालचा सुवानी संघ समजून घेताना

लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळलं जाणार हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. त्याच दिवशी क्रिकेटबरोबर आणखी चार खेळांना मान्यता मिळाली आणि त्यांत फ्लॅग फुटबॉल होता. हा अमेरिकन फुटबॉलचाच, पण समोरच्याला न पाडता खेळायचा प्रकार. तेव्हापासून, आणि त्याआधीही अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्या-पुतण्यांनी पाठवलेले व्हिडिओ पाहून, अनेकांना एकच प्रश्न पडतो: ही माणसं चार पावलं धावतात, अंगावर अंग पडतं, शिट्टी वाजते आणि सगळे थांबतात. यात खेळ कुठे आहे?

आजचा सामना बघून उत्तर शोधायला गेलं तर माणूस गोंधळतो. नियम फार, पंच फार, एकेका कॉलेजच्या संघात शंभरावर खेळाडू. हा खेळ लवकर समजतो तो त्याच्या लहानपणात डोकावल्यावर, कारण तेव्हा त्याचा सांगाडा उघडा दिसत होता. म्हणून इथे एकाच कॉलेजचा एकच हंगाम घेऊ: टेनेसी राज्यातल्या सुवानी गावचा, १८९९ सालचा.

सुवानी हे कंबरलंड पठारावरचं छोटं गाव. तिथल्या विद्यापीठाचं नाव युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ, पण गावाच्या नावानेच ते ओळखलं जातं. त्या शरद ऋतूत या संघाने १२ सामने खेळले आणि बाराही जिंकले. स्वतःचे गुण ३२२, समोरच्या सगळ्यांचे मिळून १०. आणि यातले पाच सामने सहा दिवसांत, पाच वेगवेगळ्या शहरांत, सुमारे २,५०० मैलांच्या रेल्वेप्रवासात झाले. हे ऐकून पहिल्यांदा वाटतं ती दंतकथा. ती दंतकथा नाही. मात्र ती पटायची असेल तर त्या वेळचे नियम समजले पाहिजेत, कारण या आकड्यांचं अर्धं उत्तर नियमांतच आहे.

## ते सहा दिवस

९ नोव्हेंबर १८९९, गुरुवार. ऑस्टिन शहरात टेक्सास विद्यापीठाशी सामना, १२-०. शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम, १०-०. शनिवारी न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेन, २३-०. रविवार सुट्टी. हे विद्यापीठ चर्चने चालवलेलं, आणि तसाही त्या भागात रविवारी सामना होत नसे. सोमवारी बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेट, ३४-०. मंगळवारी मेंफिसमध्ये मिसिसिपी विद्यापीठ, १२-०.

अंतरांचा अंदाज यावा म्हणून: ऑस्टिन ते ह्यूस्टन म्हणजे साधारण पुणे ते सोलापूर. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स त्याच्या दुपटीहून जास्त, आणि हे अंतर शुक्रवारचा सामना संपल्यावर शनिवारच्या सामन्याआधी कापायचं. पूर्ण दौरा ४,००० किलोमीटरचा, म्हणजे मुंबईहून रेल्वेने हावड्याला जाऊन परत येण्याएवढा. तोही वाफेच्या इंजिनामागे. बरोबर दोन डझनही खेळाडू नव्हते.

## खेळाचा गाभा: जिथे अडलात, तिथून पुढे

मैदान तेव्हा ११० यार्ड लांब होतं. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, म्हणजे पाच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की झालं मैदान. दोन्ही टोकांना रेषा. चेंडू हातात घेऊन समोरच्याची शेवटची रेषा ओलांडायची आणि तिथे चेंडू जमिनीला टेकवायचा, हे उद्दिष्ट.

सुरुवातीला हा खेळ असा नव्हता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत जो सामना झाला आणि ज्याला पहिला कॉलेज फुटबॉल सामना म्हणतात, तो २५ विरुद्ध २५ असा होता आणि आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या जास्त जवळचा होता. पुढे रग्बीची छाप पडली. मग येल कॉलेजच्या वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने १८८० मध्ये दोन गोष्टी ठरल्या: संघात अकरा जण, आणि चेंडूवर एका वेळी एकाच संघाचा निर्विवाद ताबा. रग्बीत चेंडूसाठी दोन्ही बाजू झोंबतात. इथे नाही. इथे चेंडू ज्याच्याकडे आहे तो खेळ सुरू करतो.

यातून लगेच एक अडचण उभी राहिली. ताबा आपलाच असेल तर सोडायचा कशाला? १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात दोन्ही संघांनी एकेक अर्ध चेंडू नुसता धरून काढला आणि सामना ०-० सुटला. प्रेक्षक वैतागले. म्हणून १८८२ मध्ये अट आली: तीन प्रयत्नांत निदान पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या. या एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. धावणारा जिथे अडवला जातो तिथे चेंडू ठेवायचा आणि पुढचा डाउन तिथूनच.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर ही तीन चेंडूंची ओव्हर. तीन चेंडूंत पाच धावा केल्या तर तुम्हाला नवी ओव्हर, नाहीतर फलंदाजी समोरच्याकडे. एवढं कळलं की ते धावणं, ढीग आणि शिट्टी यांचा उलगडा होतो. प्रत्येक ढीग म्हणजे संपलेला एक चेंडू आहे. पंच यार्ड मोजत असतात, आणि ते मोजता यावेत म्हणून मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याची रेघ मारली जाई. वरून पाहिलं तर ते मैदान भाजणीच्या जाळीसारखं दिसे, म्हणून त्याला आजही तेच नाव आहे: ग्रिडआयर्न.

## एक डाउन, जवळून

१८९९ मधला एकच डाउन सावकाश पाहू. सात जण चेंडूच्या रेषेवर ओणवे, खांद्याला खांदा लावून. चौघे मागे. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, दोन पायांमधून चेंडू मागे देतो. तो घेणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणत. आज क्वार्टरबॅक हा संघाचा राजा असतो, तेव्हा तो टपालवाला होता: ज्याने चेंडू आधी घेतला त्याला स्वतः पुढे धावायला मनाई होती. त्याने तो लगेच दुसऱ्याच्या पोटाशी द्यायचा.

चेंडू मिळालेला गडी आता डोकं खाली घालून भिंतीकडे जातो. पुढे चेंडू फेकणं नियमबाह्य, म्हणजे त्याला हातात धरून नेणं, बाजूला वा मागे टाकणं, किंवा लाथाडणं एवढेच मार्ग. मागचे साथीदार त्याला पाठीवर हात टेकून ढकलतात, पुढचे त्याचे हात धरून ओढतात. हे सगळं नियमात बसत होतं. काही संघ तर विजारीच्या कमरेला चामड्याच्या मुठी शिवून घेत, म्हणजे धावणाऱ्याला पिशवीसारखं उचलून पुढे भिरकावता येईल. समोरचे सात-आठ जण त्याला मागे रेटतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला साखळीने धरल्यावर जी ओढाताण होते, तिची आठवण करा आणि त्यात दोन्हीकडचे मिळून बावीस जण घाला.

आणि इथे तो बारकावा येतो ज्यामुळे माणसं मोडत. धावणारा खाली पडला म्हणजे डाउन संपला असं नव्हतं. त्याला पुरता जखडल्यावर तो स्वतः ‘डाउन’ म्हणून ओरडे, किंवा पंच शिट्टी वाजवत. तोवर तो रांगत पुढे जाऊ शके. म्हणून त्याला पुरतं दाबण्यासाठी समोरचे त्याच्यावर उड्या टाकत आणि त्यांच्यावर आणखी. ढिगाच्या तळाशी असलेल्याच्या गळपट्टीचं हाड, गुडघा, मान यांवर किती भार येई याचा विचार करा.

अंगावर काय? कॅनव्हासचं जाड जाकीट, मांड्या-गुडघ्यांना कापूस भरलेली विजार, नडग्यांवर पट्ट्या, कुणाच्या नाकावर रबरी रक्षक. हेल्मेट जवळपास नाहीच. डोक्याला गादी व्हावी म्हणून खेळाडू हंगामाआधीपासून केस वाढवत. कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेट सक्तीचं व्हायला १९३९ साल उजाडलं.

## गुण वाचायचे कसे

जुने निकाल आजच्या हिशोबाने वाचले तर चुकतात. आज टचडाउनला, म्हणजे रेषा ओलांडण्याला, ६ गुण आणि दोन खांबांमधून, आडव्या दांड्यावरून लाथेने मारलेल्या फील्ड गोलला ३. सन १८९८ ते १९०३ या काळात टचडाउन ५, फील्ड गोलही ५, टचडाउननंतरच्या किकला १, आणि आपल्याच रेषेमागे चेंडूसह अडकलात तर समोरच्याला २.

म्हणजे टेक्सासविरुद्धचे १२ हे साधारणपणे दोन टचडाउन आणि दोन्ही किक बरोबर, असं वाचायचं. ए अँड एमविरुद्धचे १० म्हणजे पाचाचे दोन.

टचडाउननंतरची ती एका गुणाची किक तेव्हा सहज मिळत नसे. खांब शेवटच्या रेषेवरच, म्हणजे गोलरेषेवर उभे, साडेअठरा फूट अंतरावर, आडवा दांडा १० फुटांवर. चेंडू जिथे टेकवला त्या जागेच्या सरळ रेषेत तो मैदानात मागे आणायचा. कोपऱ्यात टेकवला असेल तर किकही कोपऱ्यातूनच, तिरकी. एक गडी चेंडू हातांत अधांतरी धरून जमिनीवर पालथा पडे. त्याने चेंडू मातीला टेकवला की समोरचे गोलरेषेवरून धावत सुटत, आणि ते पोचायच्या आत किक मारायची. कोन फारच वाईट असेल तर दुसरा मार्ग होता: गोलरेषेवरून एकाने आपल्याच साथीदारांकडे चेंडू उंच लाथाडायचा, त्यांनी तो वरच्या वर झेलायचा आणि झेलला तिथून किक घ्यायची. झेल सुटला की गुण गेला. त्यामुळे त्या काळी रेषा ओलांडल्यावरही हुशार गडी लगेच चेंडू टेकवत नसे. शक्य तेवढा तो मध्याकडे पळे. हा एक गुण पुढे सुवानीच्या कामी आला, ते येईलच.

## एवढी शून्यं कशी?

बारांपैकी अकरा सामन्यांत समोरच्याला एकही गुण नाही, हा आकडा आपल्याला चक्रावतो. पण शून्य हा तेव्हा दुर्मीळ निकाल नव्हता. का ते साध्या गणिताने दिसतं.

समजा तुम्हाला चेंडू आपल्या रेषेपासून ३० यार्डांवर मिळाला. ८० यार्ड जायचं आहे, पाच-पाच यार्डांनी. म्हणजे तीन डाउनांची अट तुम्हाला लागोपाठ सोळा वेळा पुरी करायची आहे. तुम्ही इतके चांगले आहात की दहापैकी नऊ वेळा अट पुरी करता, असं धरू. तरीही सोळाच्या सोळा वेळा ती पुरी होण्याची शक्यता शंभरात १८-१९ एवढीच. आता समजा समोरचा बचाव थोडासाच जास्त चिवट आहे आणि तुम्ही दहापैकी आठ वेळा यशस्वी होता. मग तीच शक्यता शंभरात तीनहूनही खाली येते. एखादी लांब धाव हे गणित मोडू शकते हे खरं, पण चेंडू पुढे फेकायला बंदी असल्याने लांब धावा कमी. शिवाय वाटेत चेंडू हातातून निसटण्याचा धोका वेगळाच.

मला या हंगामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. दर डाउनला फरक जरासाच असला तरी निकालात तो डोंगराएवढा होत होता. सुवानी समोरच्यांपेक्षा दहापट चांगला असण्याची गरज नव्हती, दर वेळी थोडासा चांगला असणं पुरेसं होतं.

त्यात आणखी एक हत्यार होतं, पंट. हातातून सोडलेला चेंडू जमिनीला लागण्याआधी लाथाडून लांब पाठवणं म्हणजे पंट. आज तो नाइलाजाचा मार्ग मानतात. तेव्हा पहिल्या-दुसऱ्या डाउनलाही मुद्दाम पंट मारत, कारण आपल्या रेषेजवळ चेंडू घेऊन झगडण्यापेक्षा तो समोरच्याच्या दारात नेऊन टाकलेला बरा. त्याने मग तिथून ८०-९० यार्ड खणत यावं. सुवानीकडे ऑर्मंड सिमकिन्स हा पाठीमागे खेळणारा, जबरदस्त पंट मारणारा गडी होता. दोन टचडाउनांची आघाडी झाली की पंट मारत राहायचं आणि समोरच्याला दमवायचं, हे धोरण शक्य होतं. पाच दमछाक करणारे सामने खेळताना त्याचं मोल केवढं असेल ते सांगायला नको.

## पण एवढ्या लांब गेलेच कशाला?

पैशासाठी, आणि यात कमीपणा काही नाही. सुवानी पठारावर, आडबाजूला. तिथे तिकीट काढून सामना बघायला कोण येणार? उत्पन्न शहरांत होतं. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी होणारा सामना हे जवळचं मोठं उत्पन्न, पण त्या वर्षी तो झालाच नाही. तिकिटांच्या पैशांवरून दोघांचं फिसकटलं होतं असं सांगतात.

संघाचा व्यवस्थापक होता ल्यूक ली, वय अवघं वीस, स्वतः विद्यार्थी. कप्तान हेन्री सीबल्स आणि प्रशिक्षक, प्रिन्स्टनमध्ये खेळून आलेले, बिली सूटर. तेव्हा व्यवस्थापक म्हणजे सामने ठरवणं, पत्रव्यवहार, रेल्वे, हॉटेल, हिशोब सगळं. पाहुण्या संघाला यजमान ठरलेली रक्कम देई. टेक्सासपर्यंत जाऊन एकच सामना खेळला तर सगळं भाडं त्या एका रकमेतून जाणार. त्याच वाटेवर आणखी चार शहरांत सामने लावले तर भाडं पाच ठिकाणी वाटलं जातं. दिवस वाढले की हॉटेल आणि जेवण वाढतं, म्हणून दिवस कमी. लग्नसराईत एका फेरीत पाच गावांच्या पत्रिका वाटून येणाऱ्या घराला हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही. (हाच ल्यूक ली पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर, जानेवारी १९१९ मध्ये, हॉलंडमध्ये आश्रय घेतलेल्या जर्मन कैसरला उचलून आणायला सैनिकांची छोटी तुकडी घेऊन निघाला होता. ते जमलं नाही. पण माणूस कोणत्या मातीचा होता ते कळतं.)

## ‘पण दमले कसे नाहीत?’

दमलेच असणार. तरी काही गोष्टी त्यांच्या बाजूने होत्या.

सामना कागदावर ३५-३५ मिनिटांच्या दोन अर्धांचा, पण दोन्ही कप्तानांच्या संमतीने अर्धं लहान करायची पद्धत सर्रास होती. दुसरं, या खेळात श्रम कुस्तीसारखे असतात: काही सेकंद सगळा जीव पणाला, मग ढीग सुटेपर्यंत श्वास घ्यायला वेळ. सलग धावणं कमी. तिसरं, प्रवास रात्रीचा आणि झोपायच्या डब्यातून. चौथं, मधला रविवार.

तयारीचंही पारडं जड होतं. थंडीमुळे त्या काळी या विद्यापीठाची मोठी सुट्टी हिवाळ्यात असे. इतर कॉलेजांची मुलं उन्हाळ्यात घरी पांगलेली असताना सुवानीची मुलं पठारावरच असत. सराव लवकर सुरू होई.

आणि पाणी. सुवानीतल्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून त्यांनी गाडीत बरोबर घेतलं होतं असं सांगितलं जातं. ऐकायला नवल वाटतं, पण आपल्याकडे परगावी गेल्यावर ‘पाणी बाधलं’ म्हणतात ते आठवा. क्लोरीनचं पाणी नसलेल्या त्या काळात रोज नव्या शहराचं पाणी पिणं म्हणजे पोट बिघडण्याला आमंत्रण. विषमज्वराची भीती तर होतीच. पाच दिवसांत अकरातले चार आडवे झाले असते तर दौरा तिथेच संपला असता.

कारण बदली खेळाडूचा नियम कडक होता. एकदा बाहेर गेलेला गडी त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. आजच्यासारखे चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे हा प्रकार नव्हता. तेच अकरा दोन्ही करत. त्यामुळे लहानसहान दुखापत झाली की बाहेर जाण्यापेक्षा तशीच खेळून काढायची, याकडे कल. हा नियम दौऱ्याला सोयीचा होता, शरीराला नव्हता.

## ‘समोरचे संघ कच्चे असतील’

काही होतेच. कंबरलंड विद्यापीठाविरुद्ध ७१-०, साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनविरुद्ध ५४-०, हे बरोबरीचे सामने म्हणता येणार नाहीत. कॉलेज फुटबॉल दक्षिणेत तेव्हा नवा होता, काही ठिकाणी धड प्रशिक्षकही नसे. पण हा आक्षेप पूर्ण टिकत नाही. दौऱ्यातले पाचही यजमान ताजेतवाने होते आणि पाहुणे गाडीतून उतरलेले.

खरी कसोटी दौऱ्यानंतर लागली. ३० नोव्हेंबरला माँटगोमेरी शहरात ऑबर्नशी गाठ पडली. ऑबर्नचे प्रशिक्षक जॉन हाइझमन. आज कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा करंडक त्यांच्याच नावाचा आहे. त्यांचा संघ एक डाउन संपला की समोरच्याला सावरू न देता लगेच पुढचा सुरू करी. ढीग सुटेपर्यंतचा तो श्वास घ्यायचा वेळच त्यांनी काढून घेतला. सुवानीवर त्या हंगामात जे १० गुण झाले ते सगळे या एका सामन्यात. निकाल ११-१०. वर जो एका गुणाचा हिशोब सांगितला, तेवढ्याच फरकाने सुवानी वाचला. पंचांच्या निर्णयांवर हाइझमन यांनी नंतर जाहीर नाराजी व्यक्त केली.

मग दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायना, ५-०. हंगाम संपला. माझ्या मते टेक्सासच्या दौऱ्यापेक्षा या दोन सामन्यांनी संघाची खरी उंची दाखवली. दौरा नियोजनाचा होता, हे दोन्ही निखळ खेळाचे.

## ‘मग देशाचे विजेते हेच का नाहीत?’

कारण देशाची स्पर्धाच नव्हती. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही ईशान्येकडची कॉलेजं या खेळाची घरं मानली जात, वर्तमानपत्रंही तिथली. दक्षिणेच्या संघांशी त्यांची गाठ क्वचित पडे. नंतरच्या काळात ज्यांनी जुन्या हंगामांचे विजेते ठरवले त्यांपैकी अनेकांनी १८९९ साठी हार्वर्ड निवडला. हार्वर्डने १० सामने जिंकले होते आणि येलशी ०-० बरोबरी केली होती. सुवानी आणि हार्वर्ड भेटलेच नाहीत, त्यामुळे हा वाद आकड्यांनी सुटणारा नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हंगाम पूर्ण होत नाही. या कॉलेजांत त्या काळी फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. मैदानावरचे सगळे गोरे. सुवानीच्या खेळाडूंची अंगं चोळणारे, दुखरे सांधे बांधणारे, त्यांना दुसऱ्या दिवशी उभं करणारे कॅल बरोज हे कृष्णवर्णीय होते. पाच सामने सहा दिवसांत झाले त्यात त्यांच्या हातांचा वाटा किती होता ते गुणफलकावर दिसत नाही.

## या खेळाची किंमत

सुवानीचा हंगाम २१ ऑक्टोबरला अटलांटात जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध सुरू झाला, १२-०. त्याच शहरात दोन वर्षांपूर्वी, ३० ऑक्टोबर १८९७ रोजी, जॉर्जियाचा रिचर्ड व्हॉन गॅमन हा खेळाडू व्हर्जिनियाविरुद्धच्या सामन्यात ढिगाखाली डोक्याला मार लागून जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी दगावला. जॉर्जियाच्या विधिमंडळाने खेळावर बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं. ते थांबलं कारण गॅमनच्या आईनेच पत्र लिहून बंदी नको अशी विनंती केली आणि राज्यपालांनी सही नाकारली. म्हणजे सुवानीचा तो हंगाम ज्या मैदानांवर झाला, तिथे खेळ चालू राहणार की नाही हाच प्रश्न नुकता टळलेला होता.

धोका कशात होता हे वर आलंच आहे: ढकलणं, ओढणं आणि पडल्यावरही न संपणारा डाउन. जोडीला पाच यार्डांची अट. पाच यार्ड म्हणजे खेळपट्टीच्या पावभागाहूनही कमी. एवढंसं अंतर मिळवायला चलाखीची गरज नसते, सगळ्यांनी एका जागी रेटा दिला की भागतं. नियमच संघाला ढीग करायला शिकवत होता. हार्वर्डने १८९२ मध्ये लांबून धावत येऊन पाचरीच्या आकारात घुसायची युक्ती आणली होती. ती १८९४ मध्ये बंद झाली, पण जवळून ढीग करणं राहिलंच.

१९०५ च्या हंगामात वर्तमानपत्रांनी अठराच्या आसपास मृत्यू मोजले, त्यांत बरीचशी शाळकरी मुलं होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलं. वर्षाअखेर ६२ कॉलेजं एकत्र आली. त्यातूनच पुढे एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी आजची संस्था उभी राहिली.

१९०६ चे नियम पाहिले की दुखण्याचं निदान किती अचूक झालं होतं ते दिसतं. पाचाऐवजी दहा यार्ड: आता नुसत्या रेट्याने भागेना. दोन रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा: आता खांद्याला खांदा भिडवून सुरुवात करता येईना. आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी: आता बचाव करणाऱ्यांना मैदानभर पसरावं लागलं, ढीग आपोआप विरळ झाला. मृत्यू एका फटक्यात थांबले नाहीत, १९१० मध्ये ढकलण्या-ओढण्यावरही निर्बंध आले. १९१२ मध्ये चौथा डाउन मिळाला, टचडाउन ६ गुणांचं झालं आणि मैदान १०० यार्डांचं. आज दिसतो तो खेळ साधारण तिथून.

## आज असा दौरा का होत नाही

आज कॉलेज संघ आठवड्याला एक सामना खेळतो. चेंडू फेकण्यामुळे वेग वाढला, वेगामुळे टक्कर वाढली, आणि डोक्याला बसलेल्या धक्क्यानंतर खेळाडूला लगेच परत न पाठवण्याचे नियम आले. सहा दिवसांत पाच सामने कुणी ठरवूच शकत नाही.

सुवानीचंही पुढे तसं राहिलं नाही. मोठी विद्यापीठं खेळावर पैसा ओतू लागली तसं लहान कॉलेज मागे पडलं. आज अत्यंत बलाढ्य समजल्या जाणाऱ्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या संघगटाचा सुवानी हा १९३२ मधला संस्थापक सदस्य. त्या गटातले सगळे ३७ सामने हरून १९४० मध्ये तो बाहेर पडला. आज तो तिसऱ्या श्रेणीत खेळतो, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही.

२०२८ मध्ये फ्लॅग फुटबॉल लागला की मैदान लहान दिसेल, ५० यार्ड बाय २५, बाजूला पाच-पाच खेळाडू, कमरेला लोंबणाऱ्या पट्ट्या. ढीग नाही, ढकलणं नाही. मध्यरेषा ओलांडायला चार डाउन, मग गुण मिळवायला आणखी चार. धावणाऱ्याची पट्टी समोरच्याने ओढली की शिट्टी वाजेल आणि सगळे थांबतील. तेव्हा पंच चेंडू कुठे ठेवतात तेवढं बघा: पट्टी निघाली तिथे. पुढचा डाउन तिथून.